बारा ते साडेचार

एकदा एका विद्यापीठाच्या मनात आले, की आपल्या विद्यार्थ्यांना हक्काने बसायला-उठायला एक जागा हवी. वर्ग होते, प्रयोगशाळा होत्या, ग्रंथालयाला तर चक्क घुमट होता. पण वर्ग सुटल्यावर माणसाने जायचे कुठे, याचा विचार पन्नास वर्षांत कुणीच केला नव्हता. असो. उशिरा का होईना, सुचले. विद्यार्थी केंद्र बांधायचे ठरले आणि ते काम श्रीरंग नावाच्या एका तरुण वास्तुरचनाकाराकडे आले. तो याच विद्यापीठात शिकलेला होता आणि इथल्याच वसतिगृहात पाच वर्षे राहिला होता.

श्रीरंग कामाला वाघ. घरी बसून मनातले मांडे खाणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने फलकावर कागद लावला : ‘केंद्रात काय काय हवे ते सांगायला या. सायंकाळी सहा वाजता.’ मग सलग दहा दिवस संध्याकाळी तो वसतिगृहासमोरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसला. मुले-मुली आली आणि भरभरून बोलली. कुणाला टेबल टेनिस हवे होते, कुणाला गाण्याच्या तालमीसाठी खोली, कुणाला चांगली कॉफी. एकाने तर झोपायला झोपाळे मागितले. श्रीरंगने सगळे इमानेइतबारे लिहून घेतले आणि महिनाभर खपून असा सुरेख नकाशा काढला, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. आता समितीची मंजुरी तेवढी बाकी होती.

त्याआधी नकाशाची गुंडाळी घेऊन तो आपल्या वृद्ध सरांकडे गेला. ज्यांच्या हाताखाली तो सरळ रेघ मारायला शिकला, ते हे सर. कोणतेही नवे काम त्यांच्या पायांवर घातल्याशिवाय पुढे न्यायचे नाही, हा त्याचा नेम होता. अशी माणसे आता विरळा, म्हणून मुद्दाम सांगतो.

सरांनी गुंडाळी हातात घेतली, पण तिचा दोरा काही सोडला नाही.

“किती जणांना विचारलंस?”

“सहाशे बारा, सर.”

“कधी?”

“संध्याकाळी. तेव्हा सगळे मोकळे असतात ना.”

“सगळे?”

“सगळेच, सर.”

सरांनी गुंडाळी तशीच त्याच्या हातात परत ठेवली. मग म्हणाले, “उद्या दुपारी बाराला गावातल्या बसस्टँडवर ये. घरून डबा आण. आणि ही गुंडाळीसुद्धा आण.”

श्रीरंगला वाटले, सरांना कुठे गावाला जायचे असेल. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर झाला. सरांनी त्याला एका लोखंडी बाकावर बसवले, त्याचा मोबाइल मागून घेतला आणि म्हणाले, “साडेचारपर्यंत इथंच थांबायचं. स्टँड सोडून कुठं जायचं नाही. मी साडेचारला येतो.” एवढे बोलून ते छत्री उघडून चालायलाही लागले.

“अहो सर, पण करायचं काय मी इथं?”

“काही नाही. बसायचं.”

आता तुम्हीच सांगा, भर कामाच्या दिवशी एका कर्त्या माणसाला असे बसवून ठेवणे ही काय रीत झाली? श्रीरंगही मनातून चरफडला. म्हातारपणी माणूस लहरी होतो म्हणतात ते खोटे नाही, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण गुरूची आज्ञा होती. बसला.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग ऊन सरकत बाकावर आले आणि लोखंड तापले. त्याने जागा बदलली, तर तिथे कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी होती. एक वाजता त्याने मांडीवर डबा उघडला. शेजारचे गृहस्थ त्याच्या भाजीकडे इतके टक लावून पाहत होते, की त्याला घास गिळवेना. हात धुवायला नळावर गेला, तर नळाला पाणी नाही. बरे, गुंडाळी बाकावर ठेवून लांब जायचीही सोय नव्हती. दोन वाजेपर्यंत त्याने चार बाक बदलले. कंटाळा आला, पाठ आखडली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, येणारा-जाणारा आपल्याकडे ‘हा इथं कशाला बसलाय?’ अशा नजरेने पाहतो आहे, हे त्याला जाणवू लागले.

तेव्हा कुठे त्याचे लक्ष चौकशीच्या खिडकीकडे गेले. खिडकीखाली भिंतीला टेकून एक मुलगी खुर्चीवर ताठ बसली होती. गळ्यात विद्यापीठाच्या ओळखपत्राची निळी फीत, मांडीवर पुस्तक. मघापासून पुस्तकाचे पान तेच होते. अजून दोघी लेकुरवाळ्यांच्या खोलीत बसायच्या आणि कुणी बाई तान्हे मूल घेऊन आली, की मुकाट बाहेर यायच्या. निळ्या फिती शोधत त्याने नजर फिरवली, तर रसाच्या गाड्याजवळ, खांबाआड, पायऱ्यांवर जिकडेतिकडे निळ्या फिती!

तो त्या मुलीजवळ गेला. आपण कोण, इथे कसे येऊन बसलो, हे सांगितले. तिने आधी खिडकीतल्या कंट्रोलरकडे पाहिले. त्यांनी मान हलवल्यावर ती बोलली. नाव सुवर्णा. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. गाव तीस किलोमीटरवर.

“वर्ग बाराला सुटतात. आमची गाडी साडेचारला.”

“मग विद्यापीठातच का नाही थांबत?”

“कुठं?” तिने विचारले.

श्रीरंग म्हणाला, “ग्रंथालय आहे की.”

“एक ते तीन बंद असतं. आणि डबा चालत नाही. कँटीनमध्ये चहा संपला की पोऱ्या फडकं मारायला येतो, म्हणजे उठा. झाडाखाली बसलं की वॉचमन विचारतो, कुणाची वाट बघताय? नको वाटतं. इथं निदान कंट्रोलरकाका आहेत. त्यांनीच ही खुर्ची दिली. फार उपकार आहेत त्यांचे.”

“अगं, पण मी फलकावर कागद लावला होता. काय हवं ते सांगायला या म्हणून.”

“वाचला ना. सायंकाळी सहा. सहाला मी घरी भाकऱ्या थापत असते, सर.”

ती हसून म्हणाली, टोचून नाही. म्हणूनच ते जास्त टोचले.

मग तिने पुस्तक मिटले आणि एकदाचे सांगून टाकले. गावातल्या कुणीतरी तिच्या वडिलांच्या कानावर घातले होते, की तुमची पोरगी रोज दुपारभर स्टँडवर बसलेली दिसते. अण्णा बोलले काहीच नाहीत, पण त्या दिवसापासून जेवताना मान वर करत नव्हते. परवा आईकरवी निरोप आला : दिवाळीपर्यंत बघू, पुढं घरी बस.

“त्यांचं चुकतं असंही नाही,” सुवर्णा म्हणाली. “साडेचार तास पोरगी कुठं होती, याला माझ्याकडंच उत्तर नाही. त्यांनी गावाला काय सांगावं?”

साडेचारला गाडी लागली. सगळ्या निळ्या फिती धावत जाऊन तिच्यात चढल्या आणि धूळ उडवत गाडी निघून गेली. सर छत्री टेकत आले, तेव्हा श्रीरंग मान खाली घालून बसला होता.

“सर, मला का बसवलंत ते कळलं. पण तुम्हाला हे कसं माहीत?”

“मीही बसलोय ना इथं. तेव्हा तर छप्परही नव्हतं. चार महिने बसलो आणि शिक्षण सोडून द्यायचं ठरवलं. समोर ते मोबाइलचं दुकान दिसतंय? तिथं तेव्हा कासाराचं दुकान होतं. एके दिवशी त्या कासारीणमावशींनी हाक मारली, ‘आरं पोरा, उन्हात कशाला तापतोस? आत येऊन बस की.’ रंगा, तीन वर्षं मी त्या दुकानात बसलो. बायका बांगड्या भरायला यायच्या आणि मी भिंतीकडं तोंड करून भूमिती सोडवायचो!” सर हसले. “मावशींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी मला काही शिकवलं नाही. फक्त ‘बस’ म्हणाल्या. माझ्या पदवीवर सही कुलगुरूंची आहे. पण मावशी नसत्या, तर ती पदवी घ्यायला मी उरलोच नसतो. हे ऋण मला रोज आठवतं आणि आठवलं की फार बरं वाटतं. तू सहाशे लोकांना विचारलंस, ते चांगलंच केलंस. पण आपल्या वेळेला मोकळी असतात ती बहुधा आपल्यासारखीच माणसं असतात. बाकीची साडेचारच्या गाडीनं गेलेली असतात. त्यांना भेटायचं, तर त्यांच्या वेळेला, त्यांच्या बाकावर जाऊन बसावं लागतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ना, ते काय उगाच?”

श्रीरंगने समितीकडून आठ दिवस मागून घेतले आणि नकाशा नव्याने मांडला. खालचा सगळा मजला त्याने दुपारसाठी ठेवला. डबा खायला लांब ओटे, हात-डबे धुवायला नळांची रांग, मुलींसाठी पाठ टेकायला वेगळी खोली, आणि दारे अशी, की कुणाची वाट बघताय असे कुणी विचारू नये. टेबल टेनिस गेले वरच्या मजल्यावर. झोपाळे मात्र त्याने खाली आणले.

नवा नकाशा घेऊन तो पुन्हा स्टँडवर गेला. सुवर्णाने तो मांडीवर पसरून अगदी मन लावून पाहिला. नळांवरून बोट फिरवले.

“किती छान! कधी होईल हो?”

“दोन वर्षांत.”

“म्हणजे आमच्या नंतरच्या पोरींना होईल,” ती म्हणाली. तिचा चेहरा जराही पडला नाही. “तुम्ही आमचा विचार केलात, तेवढंही खूप आहे. फार आभारी आहे, सर.”

त्या आभारांनी श्रीरंगला चटका बसला. सुन्न होऊन तो विद्यापीठात आपल्या खोलीत परतला. ही खोली त्याला नकाशे काढायला मिळाली होती. चांगली प्रशस्त, दोन पंखे, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात नळ. मधोमध एक टेबल आणि त्या टेबलाशी तो एकटा. टेबलाशी बसला मात्र, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वर्षांनी होणारी जागा रेखत तो ज्या खोलीत बसला होता, तीच तर आजची जागा होती.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबल भिंतीला लावले, दोन सतरंज्या अंथरल्या आणि दारावर कागद डकवला : ‘बारा ते साडेचार. डबा चालेल.’

पहिल्या दिवशी तिघी आल्या, त्याही दारातूनच ‘येऊ का?’ म्हणत. आठवड्यात पंधरा जण झाले, महिन्यात सतरंज्या पुरेनात. एक कारकूनसाहेब कुरकुरले, “अहो, ही काय धर्मशाळा आहे का?” श्रीरंग म्हणाला, “तसं समजा.” तो कोपऱ्यात नकाशा काढत बसे आणि सतरंजीवरून सूचना येत : सर, नळ जरा खाली घ्या, डबा धुताना बाह्या भिजतात. सर, खुंट्या ठेवा पिशव्यांना. कंट्रोलरकाका एकदा मुद्दाम येऊन खोली बघून गेले आणि म्हणाले, “आमची खुर्ची रिकामी झाली बघा. बरं वाटलं.”

दिवाळीला आठ दिवस उरले असताना एका दुपारी सुवर्णाबरोबर एक गृहस्थ दारात उभे राहिले. अंगात पांढरा सदरा, हातात टोपी, भुवयांच्या केसांत पिठाचा बारीक कण. सुवर्णाचा चेहरा उतरला होता.

“हे आमचे अण्णा.”

श्रीरंगने त्यांना खुर्ची दिली. ती त्यांनी घेतली नाही. दाराशी भिंतीला टेकून ते सतरंजीवर बसले आणि बसूनच राहिले. एक वाजता डबे उघडले. मुलींनी त्यांच्या पुढ्यात भाकरी, ठेचा, कुणाच्या घरची वांग्याची भाजी असे सगळे वाढून ठेवले. त्यांनी खाल्ले, व्हरांड्यातल्या नळावर जाऊन हात धुतले, पुन्हा जागेवर येऊन बसले. कोण येते, कोण जाते, कोण काय वाचते, ते पाहत राहिले. लेक एका मैत्रिणीला समीकरण समजावून सांगत होती, तिच्याकडे तर ते किती तरी वेळ पाहत होते. श्रीरंगची रेघ दर पाच मिनिटांनी वाकडी जात होती. इतकी धाकधूक त्याला समितीपुढेही झाली नव्हती.

सव्वाचारला पोरी पिशव्या आवरू लागल्या. अण्णा उठले, टोपी डोक्यावर घातली आणि श्रीरंगच्या टेबलाशी आले.

“साहेब, माझी गावात पिठाची गिरणी हाय. आज ती बंद ठेवून आलो. निम्म्या गावात आज भाकरी नसंल, शिव्या घालत असतील मला.”

“हो,” श्रीरंग कसाबसा म्हणाला.

“म्हणलं, पोरगी साडेचार तास कुठं असती ते एकदा बसूनच बघावं. बघितलं.” त्यांनी घसा खाकरला. मागे सुवर्णा पिशवीचा बंद घट्ट धरून उभी होती. “आता पुन्हा यायचं मला कारण न्हाई. उद्यापासून मी गिरणी चालू ठेवतो. तुम्ही हे दार तेवढं उघडं ठेवा.”

श्रीरंग उठून उभा राहिला. आभार कुणी कुणाचे मानायचे, हेच त्याला कळेना. त्याने नुसते हात जोडले.