टिटवीची पायी पाहणी

डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या एका जंगलात एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली असेल. लांब पिवळे पाय, तुरुतुरु चाल, आणि आवाज असा की दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जावा. झाडावर बसणे तिला ठाऊकच नाही. तिचा सारा संसार जमिनीवर. ती ओरडली की पुष्कळ जण कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात, आता काहीतरी अशुभ घडणार! वास्तविक घडायचे ते घडणारच असते, टिटवीने ते फक्त आधी पाहिलेले असते. पण हे सांगायचे कोणाला आणि ऐकायचे कोणी!

या टिटवीवर जंगलाने एक कामगिरी सोपवली होती. जंगलाच्या चौथ्या, उघड्या बाजूला मोठा माळ होता. उन्हाळ्यात त्याचे गवत वाळून खडखडीत होई, आणि एखाद्या दुपारी तिथे वणवा पेटून आग जंगलाकडे धावत येई. म्हणून जुन्याजाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. दर वर्षी पळस फुलायच्या आत माळ आणि जंगल यांच्यामधली वीस पावले रुंद जमीन खणून काढायची, गवताची काडी म्हणून ठेवायची नाही. याला म्हणत जाळपट्टा. तिथे आगीला खायला काही मिळत नसे, मग ती तिथेच विझे. खणायचे काम रानडुकरांचे. त्याबद्दल नदीकाठचे सगळे कंद त्यांना राखून ठेवलेले असत, दुसऱ्या कोणी त्यांना तोंड लावायचे नाही. आणि काम झाले का, हे पाहून भरसभेत सांगायचे, ते टिटवीने.

आता पाहणीचीही एक रीत पडून गेली होती. ही मात्र जुन्याजाणत्यांनी घातलेली नव्हती, ती आपोआप पडली होती. जाळपट्टा सुरू होई तो वाघाच्या गुहेजवळच्या वडापासून, आणि संपे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, माळाच्या खालच्या टोकाला, जिथे ससे राहत. पाहणीच्या दिवशी रानडुकरांचा मुकादम वडाखाली हजर राही. "या टिटवीबाई, या!" म्हणत तो तिला घेऊन निघे. पट्टा कसा, तर सारवलेल्या अंगणासारखा. गप्पा मारत मारत दोघे वाटेतल्या जांभळीपर्यंत पोहोचत, आणि जांभळीखाली ओली माती उकरून तिच्यासाठी किडे-अळ्यांची न्याहारी मांडलेली असे. पोट भरले, ऊन चढले, की मुकादम म्हणे, "फुडं बी असंच हाय बघा. उगा कशाला पाय दमवता?"

गेल्या वर्षी टिटवीने पाय दमवले नाहीत. जांभळीवरून ती मागे फिरली आणि सभेत म्हणाली, "पट्टा साफ आहे."

पुढे महिन्याभरात वणवा आला तो खालच्या टोकाने. सशांची सात बिळे गेली, आणि त्यांतली पिल्ले बाहेर आलीच नाहीत. सभेत कारभारी कोल्हा उसासा टाकून म्हणाला, "वाऱ्यापुढे कोणाचे चालले आहे? पट्टा तर साफच होता." सगळ्यांनी माना हलवल्या. टिटवी मात्र वर्षभर नीट जेवली नाही. पट्टा साफ होता हे सगळ्यांना टिटवीकडून कळले होते. टिटवीला कोणाकडून कळले होते?

यंदा पाहणीचा दिवस उजाडला तेव्हा मुकादम वडाखाली वाट पाहत राहिला आणि टिटवी तिकडे फिरकलीच नाही. ती आदल्या दिवशीच उडून माळाच्या खालच्या टोकाला पोहोचली होती. आता एवढे अंतर उडून आलेल्या पाखराने परत जातानाही उडतच जावे की नाही? पण तिने पंख मिटले आणि चालायला सुरुवात केली.

खालच्या टोकाला पट्टा दिसत तर होता. वीस पावले रुंद, लाल मातीचा, सरळ. वरून कोणी पाहिले असते तर वा म्हणाले असते. टिटवीने पाय टाकला आणि पायाखाली चर्र वाजले. तिने नखाने माती उकरली. बोटभर मातीखाली वाळके गवत आडवे पडले होते, जसेच्या तसे. डुकरांनी खणलेच नव्हते. गवत तुडवून आडवे केले होते आणि वर माती फेकली होती. दोन वारे सुटले की माती उडणार आणि खाली आगीची मेजवानी तयार!

पुढच्या दहा पावलांवर तिने पुन्हा उकरले. तेच. आणखी दहा, तेच. तीन दिवस ती चालत होती. नखे झिजली, एका पायात काटा मोडला, तरी दहा पावले चालायची आणि उकरून पाहायचे, हे तिने सोडले नाही. खणलेली जमीन तिला लागली ती थेट जांभळीपाशी.

सभा भरली. वाघ दगडावर पसरला होता. टिटवीने पाहिले तसे सांगितले, "जांभळीपासून वडापर्यंत पट्टा साफ आहे. जांभळीपासून खालच्या टोकापर्यंत पट्टाच नाही. मातीखाली गवत आहे."

मुकादमाचे नाक फुरफुरले. "आवं, काय बोलताय बाई! आमची नाकं सोलून निघाली खणता खणता!"

कोल्हा मात्र रागावला नाही. तो गोड हसला. "महाराज, घार रोज वरून सगळे पाहते. तिला विचारू या."

घार म्हणाली, "वरून तर लाल दिसतो पट्टा. सरळ आहे."

"ऐकलंत?" कोल्हा म्हणाला. "टिटवीबाई थकल्या आहेत. यंदापासून पाहणी घारीकडेच दिली तर? एका दिवसात होईल, आणि हा कर्कश आवाजही ऐकावा लागणार नाही. मुळातच तो अशुभ."

सभेत खसखस पिकली. वाघाने जांभई दिली आणि टिटवीकडे पाहिले. "गेल्या वर्षी तूच म्हणालीस ना, पट्टा साफ आहे?"

"म्हणाले, महाराज."

"मग?"

 टिटवी गप्प बसली तरी चालणार होते. वारा होता, असे म्हणूनही चालणार होते, सगळ्यांनी ते मान्यच केले होते. पण सभेच्या कडेला ससे बसले होते.

"गेल्या वर्षी मी जांभळीवरून परत फिरले," ती म्हणाली. "पुढचं पाहिलंच नाही. न पाहता साफ म्हणाले. वणव्याचा दोष वाऱ्याचा नव्हता, पहिला दोष माझा होता. मला काढून टाकायचं तर जरूर टाका. पण आधी हे गवत काढा."

 एक म्हातारा ससा उठून उभा राहिला. त्याने टिटवीकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "माझी तीन गेली, बाई." आणि खाली बसला.

टिटवीला वाटले, आत्ता इथून उडून जावे. ती उडाली नाही. पाय रोवून उभी राहिली आणि वाघाला म्हणाली, "महाराज, घारीनं पाहिलं ते खोटं नाही. वरून लाल दिसतं. मी पाहिलं ते पायाखालचं आहे. कोणाचं खरं, ते मुकादमच सांगतील. त्यांना एवढंच विचारा, यंदाचा उन्हाळा ते आपल्या पिल्लांना घेऊन खालच्या टोकाला, सशांच्या शेजारी काढतील का? पट्टा साफ असेल तर भीती कसली?"

वाघाची झोप उडाली. तो उठून बसला. "बोल मुकादमा. जाशील?"

मुकादमाने मागे वळून पाहिले. मागे त्याची डुकरीण पट्टेरी पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. तिला पट्ट्याचे सगळे ठाऊक होते. ती ताडकन उठली. "न्हाई!" ती ओरडली. "माझी लेकरं मी न्हाई न्यायची तिथं!"

मग कोणाला काही विचारायची गरज राहिली नाही. मुकादमाची मान खाली गेली. "वाघोबाच्या गुहेपासचं तेवढं खणत हुतो," तो पुटपुटला. "खाली बघायला येतंय कोण, असं वाटलं. चुकलं."

वाघाने शेपूट आपटले. "डुकरांनी उन्हाळाभर खालच्या टोकालाच राहायचं. पिल्लांसकट. खणायला पळस फुलेपर्यंतची मुदत." कोल्हा काही बोलणार होता, पण वाघाने त्याच्याकडे पाहिले आणि कोल्ह्याला एकदम खोकला आला.

"आणि टिटवीबाई," वाघ म्हणाला, "तुमचं काय करायचं?"

"मी यंदाची अंडी तिथंच घालणार, महाराज. पट्ट्याच्या काठाला, दगडांत," टिटवी म्हणाली. "यापुढे मी साफ म्हणेन ती जागा माझ्या अंड्यांना चालेल अशीच असेल."

टिटवीदेखील समुद्र आटवते, असे म्हणतात. इथे तर फक्त गवत काढायचे होते. पण काय खणले म्हणता डुकरांनी! आता खालच्या टोकाला परक्याची पिल्ले नव्हती, स्वतःची होती. टिटवी रोज मागून चालत येई आणि दहा पावलांवर उकरून पाही. "इथे राहिलं आहे," म्हणे. मुकादम दात खाई, दोन शिव्या तोंडातल्या तोंडात घोळवी, आणि पुन्हा खणी. पळसाला पहिली कळी दिसली त्या दिवशी टिटवी म्हणाली, "साफ आहे." आणि दुसऱ्या दिवशी तिने चार अंडी घातली.

चैत्रातल्या एका दुपारी माळावर धूर उठला. बघता बघता आगीची भिंत धावत आली. सशांनी पिल्ले तोंडात धरली, डुकरिणीने आपली मागे घातली, पण पळाले कोणी नाही. आग पट्ट्याशी आली आणि थांबली. इकडेतिकडे जीभ चाटून पाहिली, काही मिळेना. ठिणग्या मात्र उडून अलीकडे पडत होत्या. टिटवी अंड्यांवर बसून चौफेर पाहत होती. "इकडे! चिंचेखाली! मुकादम, डावीकडे!" तिचा तो कर्कश आवाज त्या दिवशी सगळ्या जंगलाला ऐकू गेला. जिथे ती म्हणे तिथे डुकरे धावत आणि नाकाने माती ओढून ठिणगी पुरत. उन्हे कलली तेव्हा माळ काळा झाला होता आणि जंगल हिरवे होते. एकही बीळ गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत नुसता आनंदीआनंद होता. हरणे नाचत होती. मुकादमाच्या गळ्यात कोणी रानफुलांची माळ घातली होती. वाघाने टिटवीला पुढे बोलावले आणि म्हणाला, "बोला टिटवीबाई! काय हवं ते मागा."

टिटवी त्या दिवशीही पहाटे उठून खालच्या टोकापासून सगळा पट्टा चालत सभेला आली होती. ती म्हणाली, "महाराज, चिंचेच्या पुढे पट्ट्यात तीन हात गवत राहिलं होतं. ते जळलं आहे. मध्ये खडक होता म्हणून आग अलीकडे आली नाही. ते मलाही दिसलं नव्हतं. ही चूक मुकादमांची आणि माझी."

नाचणारी हरणे थांबली. आजच्या दिवशी तरी हे राहू द्यायचे, असे पुष्कळांच्या चेहऱ्यावर दिसत होते. कोल्ह्याने आकाशाकडे पाहिले.

मुकादमाने गळ्यातली माळ काढून बाजूला ठेवली. "चिंचेच्या कंच्या अंगाला?" त्याने विचारले.

"माळाच्या."

"चला, दावा," मुकादम म्हणाला, आणि भरल्या सभेतून दोघे पायी निघाले. थोड्या वेळाने म्हातारा ससाही उठला आणि त्यांच्या मागोमाग गेला.

तात्पर्य : काम झाले की नाही हे, ते करणाऱ्याने दाखवलेल्या वाटेने जाऊन कळत नाही, त्यासाठी काम न झाल्याची झळ ज्याला बसते, त्याच्या दारापासून चालत यावे लागते, आणि आपली चूक दिसली तर तीही तेवढ्याच मोठ्याने सांगावी लागते.