बुरुडाच्या घरी पिल्लू येतं

फार जुना काळ. इतका जुना, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बनाला लागून एक गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला सटवाजी बुरूड आणि त्याची बायको गोजराबाई राहत होती.

दोघं मिळून सुपं, टोपल्या, परड्या विणायची. सटवाजी बांबू फोडून त्याच्या कामट्या काढी. अंगणात जमिनीत पुरलेली एक दगडी डोण होती, तीत गोजराबाई त्या कामट्या भिजत घाली. भिजून नरम झाल्या की विणायला बसायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

पण एकुलती एक लेक लग्न होऊन दोन डोंगर पलीकडे गेली आणि घर मुकं झालं. दोघं समोरासमोर बसून विणत राहत, पण बोलायला काही उरलेलं नसे.

एकदा बिरूबा धनगर टोपली न्यायला आला. म्हातारा माणूस, गप्प घरात त्याला करमेना. तो म्हणाला, "सटवाजी, माझ्या कुत्रीला चार पिल्लं झालीत. एक तुम्हाला देतो. अजून आईचं दूध सुटायचंय, आठ दिवसांनी घेऊन येतो. तोवर घराची तयारी करून ठेवा."

एवढं बोलून तो टोपली डोक्यावर घेऊन चालता झाला.

"तयारी म्हणजे काय हो करायची?" गोजराबाईनं विचारलं.

सटवाजीनं डोकं खाजवलं. "मला काय ठाऊक? मी कधी कुत्रं पाळलंय?"

मग दोघांनी ठरवलं, जाणत्यांना विचारायचं. आणि इथूनच सगळा गोंधळ सुरू झाला.

सटवाजी रात्री गावाची राखण करणाऱ्या जागल्याकडे गेला. जागल्या म्हणाला, "पहिल्या दिवसापासून बांधायचं. मोकळं सोडलंस की डोक्यावर बसलंच म्हणून समज." सटवाजीला ते पटलं. त्यानं अंगणात खुंटी ठोकली, अंबाडीची दोरी वळली.

इकडे गोजराबाई शेजारच्या अनसाकाकूंकडे गेली होती. काकूंनी कपाळावर हात मारला. "आईपासून तुटून येणारं लेकरू ते, आणि बांधता त्याला? चुलीपाशी ऊब असते, तिथं मऊ अंथरूण घाल." गोजराबाईला ते पटलं. तिनं घाईघाईनं एक छानशी खोलगट पाटी विणली, तीत जुन्या लुगड्याची घडी घातली आणि पाटी चुलीपाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी वैद्य सूप न्यायला आले. पाटी पाहून म्हणाले, "चुलीपाशी? धुरानं डोळे बिघडतील त्याचे! बाहेर ओट्यावर ठेवा." पाटी ओट्यावर गेली. संध्याकाळी जागल्या आला. "ओट्यावरून पडून पाय मोडला म्हणजे?" पाटी खाली अंगणात आली. सकाळी अनसाकाकू डोकावल्या. "अंगणात? आणि घार आली म्हणजे?"

शेवटी सटवाजीनं पाटी उंबऱ्यावर ठेवली, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. येताजाता दोघंही तिला अडखळू लागली.

खाण्याचंही तेच झालं. काकू म्हणाल्या दूध द्या. वैद्य म्हणाले गाईच्या दुधानं पोट बिघडेल, ताकभात द्या. जागल्या म्हणाला भाकरी कुस्करून द्या, राखणीचं कुत्रं काटक हवं. गोजराबाईनं तीन वाडगे मांडून ठेवले. कुणाचं ऐकावं आणि कुणाचं सोडावं, हेच त्यांना कळेना. जो येई तो खात्रीनं सांगे, आणि तो गेला की दोघं एकमेकांकडे बघत बसत.

"तुम्हीच म्हणालात ना दोरी लावायची?"

"आणि पाटी कोणी विणली? मी?"

वर्षभर जी दोघं भांडली नव्हती, ती आठ दिवसांत आठ वेळा भांडली.

नवव्या दिवशी बिरूबा आला. त्याच्या घोंगडीतून एक भुरं डोकं बाहेर आलं, ओल्या नाकाचं, लोंबत्या कानांचं. बिरूबाची मेंढरं पुढं निघाली होती, म्हणून तो थांबला नाही. पिल्लू गोजराबाईच्या हातात देऊन तो गेला.

पिल्लू पाहताच दोघांचे चेहरे खुलले. भुरं म्हणून त्याचं नाव भुऱ्या पडलं. पण भुऱ्यासाठी इतकं सगळं मांडून ठेवलं होतं, त्यातलं त्याला काहीच रुचेना. पाटीत ठेवलं की तो बाहेर पडे. दोरी बांधली की तिथंच अंग टाकून कण्हत राही. तीन वाडगे समोर आले की एकाचाही नीट वास न घेता मागं सरे. शेवटी तो बांबूच्या ढिगाखाली शिरला आणि बाहेर येईना.

"याला हवंय तरी काय?" सटवाजी म्हणाला. गोजराबाईला तरी काय ठाऊक? तिनं पाटी पुन्हा चुलीपाशी नेली. त्यानं ती पुन्हा ओट्यावर आणली. त्यानं बांधावं, तिनं सोडावं. तीन दिवसांत पिल्लाच्या बरगड्या दिसू लागल्या.

चौथ्या दिवशी दुपारी सटवाजीनं भुऱ्याला खुंटीला बांधलं आणि तो मागच्या बनात बांबू तोडायला गेला. थोड्या वेळानं गोजराबाईनं दोरी सोडली, पिल्लाला पाटीत ठेवलं आणि ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली. तिला वाटलं, नवरा परसातच आहे, लक्ष ठेवील. त्याला वाटत होतं, पिल्लू बांधलेलं आहे, कुठं जातंय?

गोजराबाई परतली तेव्हा पाटी रिकामी होती.

"अहो, भुऱ्याला तुम्ही नेलंत का?" तिनं बनाकडे तोंड करून हाक मारली.

"मी? तो तर खुंटीला आहे!" सटवाजी धावत आला. खुंटीला नुसती दोरी लोंबत होती.

दोघांनी ढीग उपसला, चुलीमागं पाहिलं, शेजारी विचारलं. मग गोजराबाईच्या कानावर एक बारीक आवाज आला. खरखर, जणू कुणीतरी दगडावर नख ओढतंय. ती आवाजाच्या दिशेनं गेली आणि किंचाळलीच.

आवाज डोणीतून येत होता. माणसाच्या गुडघाभर पाणी, पण पिल्लाला ते विहिरीएवढं. भिजत घातलेल्या कामट्यांत त्याचे पाय अडकले होते, आणि गुळगुळीत दगडाला पुढचे पंजे लावून तो नाक तेवढं वर धरू पाहत होता. बघता बघता तेही पाण्याखाली गेलं.

गोजराबाईनं खांद्यापर्यंत हात घालून त्याला वर ओढलं. पिल्लू गार पडलं होतं. सटवाजीनं त्याला उपडं धरून पाठ चोळली. बराच वेळ काही झालं नाही. मग पिल्लाच्या तोंडातून पाणी आलं, ते शिंकलं, आणि थरथरू लागलं.

गोजराबाईनं त्याला सटवाजीच्या हातून घेतलं. त्याला पदरात गुंडाळून ती होती तिथंच, मातीत बसली. रडता रडता तिनं मान वर केली आणि ती थबकली.

"अहो, इथं खाली बसा बरं जरा."

"आत्ता?"

"बसा म्हणते ना. भुऱ्या जिथून बघतो तिथून बघा."

सटवाजी बसला. मग आणखी वाकला, हातांवर आणि गुडघ्यांवर आला. ज्या अंगणात त्याचा जन्म गेला होता, ते अंगण त्याला ओळखू येईना. डोणीचं तोंड जमिनीशी इतकं सपाट होतं की काठ दिसतच नव्हता. ढिगाखाली कामट्यांची सुईसारखी टोकं सरळ डोळ्यांच्या उंचीला आली होती. ओटा डोंगरासारखा उभा होता. आणि वरून बोलणारी, पाटी उचलणारी, दोरी ओढणारी माणसं? ती किती भयंकर दिसत असतील!

"गोजरे," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आपण साऱ्या गावाला विचारत फिरलो. आपल्याच अंगणात डोण आहे, हे गावाला कसं सुचावं? ते आपल्याला दिसायला हवं होतं."

त्या दिवशी दोघांनी रांगत रांगत सारं घर पाहिलं. डोणीवर बांबूची जाड जाळी विणून बसवली. टोकदार तुकडे कोपऱ्यात रचून त्यांच्याभोवती कामट्यांचा कूड घातला. दोरी सोडली, दोन वाडगे उचलले. पाटी भाजी ठेवायला गेली. बाकी काही न करता दोघं जमिनीवर विणत बसली. संध्याकाळपर्यंत भुऱ्या आपण होऊन आला, गोजराबाईच्या मांडीला अंग टेकवून झोपला. उठल्यावर त्यानं वाडगाभर भाकरी खाल्ली.

पुढं भुऱ्या मोठा झाला आणि त्याच्या भुंकण्यानं ते मुकं घर बोलू लागलं. गावात कुणाकडे पिल्लू, वासरू किंवा नवी सून यायची असली, की लोक सटवाजीला विचारायला येत, "काय तयारी करू?" तो काहीच सांगत नसे. तो उठून त्यांच्या घरी जाई, दारातच खाली बसे आणि म्हणे, "तूही बस. आता मला सांग, इथून काय दिसतंय?"

तात्पर्य: येणाऱ्यासाठी घर तयार करायचं असेल, तर दहा जणांना विचारण्याआधी ते येणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावं.