धनेशाच्या दारातली गर्दी

विद्यापीठात इमारतींपेक्षा झाडं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या जुन्या उंबराच्या ढोलीचं तोंड लिंपून धनेश पक्ष्याची मादी पिल्लासह आत बसली होती. बारीक फटीतून नर दोघांना फळं भरवायचा.

एकदा पक्षी बघायला आलेली मुलं कॅमेरे रोखून त्याच झाडाखाली उभी राहिली.

"अहो, पिल्लानं भुकेनं मान टाकलीय!" मादी आतून ओरडली.

नरानं झेप घेतली, पण खाली गलका उठताच तो माघारी फिरला.

त्या मुलांतल्या शर्वरीला त्याच्या चोचीतलं फळ दिसलं. "अरे, मागे व्हा! तो आपल्याला घाबरतोय."

सगळी मुलं लांब सरकली. नर लगेच फटीपाशी आला.

काही दिवसांनी लिंपण फुटलं. पिल्लू बाहेर आलं आणि पुन्हा आलेल्या त्या मुलांच्या डोक्यांवरून ऐटीत उडत गेलं.

"बघू दे त्यांना पोटभर!" नर म्हणाला.