दोन काठांची दुपार

फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती, पूर्वेचं मोठं आणि पश्चिमेचं चिमुकलं. मोठ्या राज्यात माध्यान्हीचा नगारा झडला, की चिमुकल्या राज्यातही पानं मांडली जात.

एके दिवशी चिमुकला राजा जेवता जेवता थांबला. "आपण का म्हणून शेजाऱ्याच्या दुपारी जेवायचं?" त्यानं स्वतःचा नगारा बसवला आणि मुद्दाम थोडा आधी वाजवायला लावला. मग मोठा राजा गप्प बसतोय होय! त्यानं आपला आणखी आधी वाजवला. चढाओढ लागली. होता होता दुपार इतकी अलीकडे सरकली, की अंगणात सडा पडतो न पडतो तोच जेवणाची हाक यायची.

चिमुकल्या राज्याची राजकन्या हे सारं पाही आणि पदराआड हसे. पलीकडचा राजपुत्र तिला मनापासून आवडला होता, आणि लग्नही ठरलं होतं.

मुहूर्त माध्यान्हीचा होता. वऱ्हाड नावांतून उतरलं, तोच वधूपिता म्हणाला, "मुहूर्त टळला, व्याहीबुवा. आमची दुपार मघाशीच झाली."

"आमची अजून व्हायचीय!"

"मग ती तुमच्या घरी साजरी करा."

"करतो की! चला रे माघारी!"

वऱ्हाड नावांकडे वळलं. आता मात्र राजकन्येचं हसू पळालं. मुंडावळ्या सावरत ती पुढे आली.

"बाबा, गोरज मुहूर्तावर लावा लग्न."

"तो कुणाच्या नगाऱ्यावर?"

"कुणाच्याच नाही. गाई रानातून परतल्या, खुरांची धूळ उडाली, की तो मुहूर्त. गाईंना कुठे दवंडी कळते?"

व्याही मिशीत हसले. "सूनबाई, गाई आमच्या की तुमच्या?"

"दोन्हीकडच्या, मामंजी. दिवस कलला की सगळ्याच घराकडे निघतात."

संध्याकाळी दोन्ही काठांवर एकदमच धूळ उठली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. एका पंगतीला बसलेले दोन्ही राजे एकमेकांकडे ओशाळून पाहू लागले. जेवण आटपेपर्यंत ठरलं: सूर्य डोक्यावर येईल तेव्हाच ज्यानं त्यानं आपला नगारा वाजवायचा, आणि वेळ बदलायचीच झाली, तर आधी पलीकडे निरोप धाडायचा.

राजकन्या सासरी सुखात नांदली. रोज दुपारी दोन्ही नगारे वाजत. सासरे म्हणत, "ऐकलंस? आमचा जरा आधी वाजला." ती "हो, मामंजी" म्हणे आणि गरम भात वाढे.

तात्पर्य: आपली वेळ आपण जरूर ठरवावी, पण ती सोयीसाठी; शेजाऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी नव्हे.