टाकीचं वय

“आठ महिने झाले, दाजी. आणखी किती थांबायचं?”

दाजी मेतर ओसरीवर बसून समुद्री गोगलगाईंचं घमेलं खाऱ्या पाण्यानं भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“टाकी शेवटची धुतलीत कधी?”

“एकोणीस दिवसांपूर्वी.”

“मग एकोणीस दिवस झाले.”

पहाटे कोल्हापूर सोडून, घाट उतरून डॉ. उत्तरा इंगवले मालवणात आली होती, ती हे ऐकायला नव्हे.

कोल्हापुरात तिची रक्त तपासायची लॅब होती. बावीस वर्षांत तिथून एकही चुकीचा रिपोर्ट गेला नव्हता. फरशीवर डाग नाही, काचेवर बोट उमटलेलं नाही. लोक दुसरीकडे तपासून आले, तरी खात्रीसाठी पुन्हा इंगवलेबाईंकडे येत. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

अशा लॅबच्या बाहेरच्या खोलीत तिनं प्रवाळाची टाकी बसवली होती. पाच फूट लांब, आत थेट समुद्र. पण दहा-पंधरा दिवस गेले की वाळूवर तपकिरी साय धरायची, मग दगडांवर हिरवे केस उगवायचे. ते दिसले की उत्तरा टाकी रिकामी करायची, दगड ब्लीचमध्ये घासायची, नवं खारं पाणी भरायची. असं चार वेळा झालं होतं.

तिनं वही पुढे केली. “क्षार, नायट्रेट, फॉस्फेट... रोजचे आकडे आहेत. एकही चुकलेला नाही.”

दाजींनी वही घेतली नाही. एका संशोधन केंद्रात समुद्राच्या पाण्याच्या टाक्या सांभाळण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली होती.

“मासे किती गेले?” त्यांनी विचारलं.

उत्तरानं वही मिटली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“दोन... पहिल्याच खेपेला. केशरी पट्ट्यांची जोडी होती.”

दाजी उठले. आत त्यांची स्वतःची टाकी होती. तिच्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक दगड काढला आणि तसाच, पाणी निथळत, तिच्यापुढे धरला. भोकाभोकांचा, बुळबुळीत, अंगभर घाण माखलेला. एका भोकातून केसाएवढा किडा डोकावून आत गेला.

“हा न्या. टाकीत ठेवा.”

उत्तरा पिशवीत हातमोजे शोधू लागली. दाजी तसेच उभे. शेवटी तिनं दगड उघड्या हातांनी घेतला.

“उकळून घेऊ ना?”

“खायचा आहे?”

ती ओशाळली.

दाजींनी वीस गोगलगाई मोजून डब्यात घातल्या. “दिवा रोज सहाच तास. आठवड्याला थोडं पाणी बदला. बाकी आत हात घालायचा नाही.”

“आणि शेवाळ आलं तर?”

“येईलच की.”

“मग काय करू?”

दाजी घमेल्याकडे परत गेले. एवढंच उत्तर होतं.

पंधराव्या दिवशी तपकिरी साय आली. पाचव्या आठवड्यात हिरवे केस बोटभर लांब झाले. पेशंट एकमेकांकडे बघू लागले. एकानं तर रिसेप्शनवर विचारलं, “इथं साफसफाईला माणूस मिळंना झालाय काय?”

ते उत्तराला आत ऐकू आलं. त्या दिवशी तिनं तीन रिपोर्ट दोनदा तपासले.

सातव्या आठवड्यात तिचे कॉलेजचे सर, डॉ. धारवाडकर, लॅबचं नवं यंत्र बघायला येणार होते. शिस्तीचा माणूस. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर धूळ दिसली तर वर्गाबाहेर काढणारा. त्यांच्या शब्दाखातर उत्तरा या क्षेत्रात आली होती, आणि ‘आपली विद्यार्थिनी’ म्हणून ते तिचं नाव चारचौघांत घेत.

सर यायला दोन तास होते. उत्तरानं पदर खोचला, बादली ओढली, ब्लीचची बाटली उघडली. टाकीचं झाकण काढलं.

आणि ती थांबली.

पाठीमागच्या काचेवर, त्या हिरव्या रानातून, एक वाकडीतिकडी स्वच्छ वाट गेली होती. बोटाएवढी रुंद. तिच्या टोकाला एक गोगलगाय चिकटलेली होती, आणि अगदी सावकाश... पुढे सरकत होती.

उत्तरा बराच वेळ बघत राहिली. ती वाट कालपर्यंत नव्हती. कुणी न सांगता, कुणी न बघता काम सुरू झालं होतं. ते मोडणारी बाटली तेवढी तिच्या हातात होती.

तिनं बाटलीला बूच लावलं.

सर आले. दारातच थबकले.

“उत्तरा, ही टाकी आजारी आहे का?”

“नाही, सर. वयात येतेय.”

बोलून गेल्यावर तिलाच नवल वाटलं. आवाज जराही खाली आला नव्हता. सरांनी चष्मा सारखा करून एकदा टाकीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं... आणि खुर्ची ओढून तिथंच बसले. यंत्र बघायला ते अर्ध्या तासानं उठले.

दहाव्या आठवड्यात हिरवं विरळ झालं. तिसरा महिना सरता सरता दगडांवर जांभळट गुलाबी ठिपके धरले, टाकी मुरत असल्याची खूण. चौथ्या महिन्यात समुद्रातून न काढता दुसऱ्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा एक तुकडा आला, आणि मग केशरी पट्ट्यांची नवी जोडी. यावेळी ती जगली.

मग एक दिवस बाहेरच्या खोलीत पेशंटांच्या रांगेत दाजी मेतर बसलेले तिला दिसले. मांडीवर पिशवी, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. एसटीनं आले होते, कुणाला न कळवता. ते टाकीकडे बघत होते.

उत्तरा लगबगीनं बाहेर आली. पण ती काही बोलायच्या आत शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “बाई, लई देखणं हाय हे. डोळं निवलं. कुणी केलंय हो?”

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या.

चार महिने उत्तरा याच प्रश्नाची वाट बघत होती. लोकांची कुजबुज, सरांचा तो थबकलेला पाय, उघडून पुन्हा बंद केलेली ब्लीचची बाटली, सगळं एकदम आठवलं. ‘मी’ हा शब्द अगदी ओठांवर आला.

काचेच्या आत एक गोगलगाय दगडावर चढत होती.

“...यांनी,” तिनं बोट दाखवलं. “गोगलगाई, किडे, न दिसणारे आणखी कितीतरी. मी पाणी बदललं, दिवा लावला. माझं असं यात काही नाही, आजी.”

म्हातारी वाकून काचेत बघू लागली.

दाजींनी पिशवी सावरली, उठून काचेजवळ गेले.

“मग आजपासून,” ते म्हणाले, “टाकी तुमची.”