शेणकिड्याचा गोळा आणि न उठणारा ट्रक

घाट चढून आलं की एक चहाची टपरी आहे. टपरीमागे एक शेणकिडा राहतो. काळा. चकचकीत. हरभऱ्याएवढा.

एका दुपारी शेणकिड्याने गोळा केला. शेणाचा गोळा. मऊ गोळा. बोराएवढा गोळा. शेणकिडा निघाला घरी. डोकं खाली, पाय वर. मागच्या पायांनी गोळा ढकलत.

गुड गुड, गुड गुड.

बिळात शेणकिडी वाट बघत होती. तिला गोळ्यात अंडं घालायचं होतं. पण गोळा ओला हवा. वाळला की तो तडकतो. मग अंडं कुठे घालायचं? आणि ऊन तर कडक होतं.

तेवढ्यात एक ट्रक आला. कांद्यांनी भरलेला ट्रक. गेनूकाका तो चालवत होते. ते खाली उतरले. रस्ता चढाचा होता, म्हणून त्यांनी चाकामागे दगड लावला. आणि गेले चहा प्यायला.

शेणकिडा चालत होता उलटा. उलटं चालणाऱ्याला पुढचं कसं दिसणार? गोळा सुटला. गुड गुड, गुड गुड. चाक आणि दगड, मधे फट. फटीत गोळा. घट्ट.

शेणकिड्याने ओढलं. निघेना. डोक्याने ढकललं. निघेना.

शेणकिडा रागावला. "गोळा माझा. मी केला. मी ढकलला. आणि हा कोण मधे येऊन बसला?"

तुरु तुरु, तुरु तुरु. तो चाकावर चढला.

"ट्रकदादा, ट्रकदादा,
गोळा अडला.
तू हल."

ट्रकने प्रयत्न केला. घर्र, घर्र, घर्र. गप्प. सकाळी तो पटकन उठायचा. दुपारी तापला की उठायचा नाही. ऊन उतरलं की मगच उठायचा. रोजचंच होतं ते.

"मी नाही हलत," ट्रक म्हणाला. "आधी पंपाला मला डिझेल पाजू दे."

ऊन उतरेपर्यंत गोळा वाळून जाईल. शेणकिडा कशाला थांबतो?

तुरु तुरु, तुरु तुरु. तो ट्रकच्या पोटातल्या पंपाकडे गेला. पंपाच्या डोक्यावर ओलं गोणपाट होतं. गेनूकाकांनीच घातलेलं. ट्रकला ऊन लागतं, असं ते सगळ्यांना सांगायचे. म्हणून दुपारी थांबले की गोणपाट भिजवायचे आणि पंपावर घालायचे. त्यातून पाणी गळत होतं. ठिब, ठिब.

"पंपभाऊ, पंपभाऊ,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
तू पाज."

"मी नाही पाजत," पंप म्हणाला. "आधी नळीला देऊ दे."

तुरु तुरु, तुरु तुरु. शेणकिडा नळीवरून चालत गेला.

"नळीताई, नळीताई,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
तू दे."

"मी नाही देत," नळी म्हणाली. "आधी टाकीला सोडू दे."

शेणकिडा आणखी रागावला. जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो. इकडे गोळा वाळतोय.

तुरु तुरु, तुरु तुरु. तो टाकीपाशी गेला. टाकी मोठी होती. आत डिझेल होतं. डुबुक डुबुक वाजत होतं.

"टाकीमावशी, टाकीमावशी,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
नळी देईना.
तू सोड."

"मी नाही सोडत," टाकी म्हणाली. "डिझेल बाहेर जायचं तर हवा आत यायला नको? आधी झाकणाला श्वास घेऊ दे."

तुरु तुरु, तुरु तुरु. शेणकिडा टाकीवर चढला. वर झाकण होतं. झाकणाला होतं एक भोक. एवढंसं. तेच झाकणाचं नाक.

"झाकणराव, झाकणराव,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
नळी देईना.
टाकी सोडेना.
तू श्वास घे."

झाकण नाकात बोललं. त्याच्या नाकात चिखल बसला होता. सकाळी गेनूकाका डिझेल भरायला झाकण उघडतात. तेवढ्यात टाकीला हवा मिळते. मग दिवसभर नाही. संध्याकाळपर्यंत फटीतून थोडीशी झिरपते, तेवढीच.

"मी नाही श्वास घेत," झाकण म्हणालं. "आधी कुंभारणीला हटू दे."

कुंभारीण तिथेच होती. कुंभारीण म्हणजे माशी. बारीक कंबर, लांब पाय. चिखलाची घरं बांधते. घुंई, घुंई. तोंडात चिखल घेऊन ती आलीच.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
नळी देईना.
टाकी सोडेना.
झाकण श्वास घेईना.
तू हट."

आणि वर शेणकिड्याने तिला विचारलं, दुसऱ्याच्या नाकात कुणी घर बांधतं का? कुंभारीण मुळीच लाजली नाही. भोक आयतं होतं. खाली चिखल आयता होता. तिचं काय चुकलं?

"मी नाही हटत," ती म्हणाली. "खाली ओला चिखल आहे तोवर मी इथेच. आधी गोणपाटाला थांबू दे."

गोणपाट? तेच ते, पंपावरचं?

शेणकिडा परत फिरला. तुरु तुरु, तुरु तुरु. टाकीवरून नळीवर. नळीवरून पंपावर. आता तो इतका रागावला होता की त्याचे पंख पाठीखाली करकरत होते.

"गोणपाटा, गोणपाटा,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
नळी देईना.
टाकी सोडेना.
झाकण श्वास घेईना.
कुंभारीण हटेना.
तू थांब."

ठिब, ठिब. ठिब, ठिब.

"मी नाही थांबत," गोणपाट म्हणालं. "मला थांबता येतं का? आधी गेनूकाकांना मला काढू दे."

तुरु तुरु, तुरु तुरु. शेणकिडा टपरीत शिरला. गेनूकाका बाकावर बसले होते. चंद्राक्कांनी त्यांच्या बशीत चहा ओतला. टपरी चंद्राक्कांची होती. शेणकिडा बाकावर चढला.

"गेनूकाका, गेनूकाका,
गोळा अडला.
ट्रक हलेना.
पंप पाजेना.
नळी देईना.
टाकी सोडेना.
झाकण श्वास घेईना.
कुंभारीण हटेना.
गोणपाट थांबेना.
तुम्ही ते काढा."

गेनूकाका हसले. आता शेणकिड्यांकडून गाडी शिकायची का, असं त्यांनी चंद्राक्कांना विचारलं. "मी नाही काढत," ते शेणकिड्याला म्हणाले. "गाडीला ऊन लागलंय. आधी ट्रकला उठू दे. मग काढीन."

आधी ट्रकला?

पण शेणकिडा तर ट्रककडूनच निघाला होता.

"सगळ्यांचं आपलं आधी तो, आधी ती," शेणकिडा म्हणाला. "मग माझा गोळा कुणी काढायचा?"

मग शेणकिडा टुणकन बशीच्या काठावर चढला. त्याने एक पाय वर उचलला.

"माझ्या पायाला शेण आहे," तो म्हणाला. "चहात बुडवू?"

गेनूकाकांचा हात थांबला. बशी तशीच राहिली. प्यावी तरी पंचाईत. ठेवावी तरी पंचाईत.

चंद्राक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "गेनूभाऊ, तो काय सांगतोय ते नीट ऐका की. तुमच्याच गोणपाटाचं पाणी. पाण्याचा चिखल. चिखलाचं बूच. आणि तुम्ही रोज म्हणता, ऊन लागलं."

गेनूकाकांनी शेणकिड्याकडे बघितलं. शेणकिड्याचा पाय वरच होता.

गेनूकाकांनी बशी हळूच खाली ठेवली. उठले. गेले.

गेनूकाकांनी गोणपाट काढलं. लांब, बाभळीच्या फांदीवर टाकलं.

गोणपाट पंपावर ठिबकायचं थांबलं. आता ते बाभळीखाली ठिबकलं. ठिब, ठिब. तिथे चिखल झाला.

कुंभारीण हटली. तिला बाभळीखालचा चिखल आवडला. झाकणावरचं घर अजून रिकामंच होतं. तिने ते उकरलं, चिखल तोंडात धरला आणि बाभळीवर गेली. घुंई, घुंई.

झाकणाने श्वास घेतला. हुश्श.

टाकीने सोडलं. डुबुक.

नळीने दिलं. सुळुक.

पंपाने पाजलं. घटक, घटक.

गेनूकाका वर चढले. किल्ली फिरवली. घर्र. भुर्र. भुर्र भुर्र भुर्र.

ट्रक उठला. ऊन तसंच होतं. ट्रक तापलेला होता. तरी उठला.

ट्रक पुढे हलला. एवढासाच. चाक सरकलं. फट मोठी झाली.

आणि गोळा निघाला.

शेणकिडा धावला. गोळ्याभोवती फिरला. एका बाजूने गोळा वाळला होता. तिथे बारीक चीर पडली होती. शेणकिड्याने चीर पायांनी दाबली. थोपटली. पुन्हा दाबली. चीर मिटली. गोळा आतून ओला होता. अजून ओला होता.

गेनूकाका दगड उचलायला खाली आले होते. ते बाजूला उभे राहिले. शेणकिडा जाईपर्यंत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

डोकं खाली, पाय वर. गुड गुड, गुड गुड.

शेणकिडीने गोळा आत ओढला. बिळात गार होतं. तिने गोळ्यात अंडं घातलं. पांढरं. कणीएवढं. शेणकिड्याने वरून माती सारली. थोडी इकडून. थोडी तिकडून.

मग तो अंड्याशेजारी बसला. त्याचे पंख आता करकरत नव्हते.