तीन टोलांची घंटा

सरका जरा भिंतीकडे. पाय आत घ्या. हं, आता ऐका.

एक होता राजा, आणि राजापेक्षा त्याच्या राज्यातलं धुकं मोठं होतं. राज्य होतं खाडीच्या तोंडाशी. थंडीच्या दिवसांत असं धुकं उतरायचं की होडीतल्या माणसाला स्वतःचं वल्हं दिसू नये. आणि खाडीत होते तीन काळे खडक. एका हिवाळ्यात त्यांवर तीन होड्या फुटल्या. तिसऱ्या होडीत सगुणाचा भाऊ होता. तो परत आला नाही.

सगुणा ही तांबटाची मुलगी. हंड्यावर टिचकी मारायची आणि चीर कुठे आहे ते डोळे मिटून सांगायची. मग राजाने दवंडी पिटवली. धुक्याच्या पलीकडे ऐकू जाते अशी घंटा उत्तरेकडच्या बर्फाच्या देशात ओततात. ती विद्या शिकून कोण येईल? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सगुणा म्हणाली, "मी जाते."

निघताना बापाने स्वतः ठोकलेला एक तांब्या तिच्या हातात दिला. आईने शिकवण दिली. "कुणी काही देऊ केलं तर लगेच हात पुढे करायचा नाही. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाले, तरच घ्यायचं. नाहीतर म्हणतील, हिला घरी कुणी खायला घालत नाही."

मग सगुणा गेली. सात समुद्र ओलांडून गेली असं सांगतात. मी नीट मोजले, तर तीनच भरतात. पण एकट्या माणसाला तीनही पुष्कळ झाले, बरं का. त्या तीन समुद्रांवर ती त्या देशाची भाषा शिकली. भाषा शिकली म्हणजे देश कळला, असं तिला वाटलं. तिथेच तिची चूक झाली.

त्या देशात सूर्य आपल्या जेवणाच्या वेळी उगवायचा आणि हात धुऊन होईपर्यंत मावळायचा. रस्ते पांढरे, छपरं पांढरी, माणसं मोजकं बोलणारी. सगुणाला एका उंच घराच्या माथ्यावरची खोली मिळाली. समोरच्या दारात इल्केबाई नावाची एक म्हातारी राहायची. पहिल्याच संध्याकाळी तिने दार उघडलं. आतून गरम साराचा वास आला.

"सार केलंय. घेतेस?"

सगुणा सकाळपासून उपाशी होती. पण तिला आई आठवली. "नको, नको. कशाला उगीच," ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली आणि दार लावलं. सगुणा जिन्याच्या माथ्यावर उभी राहिली. आता उघडेल, आता पुन्हा विचारेल. पाय गारठले तेव्हा ती खोलीत गेली आणि तांब्याभर पाणी पिऊन झोपली. सकाळी पाहते, तर समोर दारच नाही. सपाट, चुन्याने पांढरी केलेली भिंत. तिने हात फिरवून पाहिला. फट नाही, बिजागरी नाही. तिला वाटलं, गवंडी येऊन गेला असेल. पण गवंड्याचा आवाज तर आला नव्हता.

मग ती घंटांच्या कारखान्यात गेली. गुरू उंच, पांढऱ्या भुवयांचा. सहा शिष्य. दुपारी ते भट्टीजवळच्या बाकावर ओळीने बसले आणि भाकरी मोडून खाऊ लागले. एक मुलगी जरा सरकली.

"बसतेस?"

"नको, मी उभीच बरी," सगुणा म्हणाली. आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहू लागली. ती मुलगी परत मूळ जागी सरकली. दुसऱ्या दिवशी बाक नव्हता आणि बाकावरचे सहा जणही नव्हते. त्यांचं हसणं ऐकू यायचं, भाकरी मोडल्याचा आवाज यायचा, आणि भट्टीजवळ नुसती मोकळी जमीन.

धडा एकही चुकला नाही, बरं का. साचा कसा बांधायचा ते ती शिकली. तांबं किती, कथील किती, ते शिकली. फक्त माणसं राहून गेली. दोन हिवाळे ती गुरूखेरीज कुणाशी बोलली नाही, आणि गुरू तर दिवसाला चारच वाक्यं बोलायचा. संध्याकाळी ती तांब्यावर टिचकी मारायची. टण्. त्यात तिला बापाची हातोडी ऐकू यायची, अंगण ऐकू यायचं, भाऊ शीळ घालत यायचा तेही ऐकू यायचं. मग आवाज विरायचा आणि खोली होती तेवढीच उरायची. पुढे पुढे ती दोनदा टिचकी मारू लागली. मग दहादा. आईला काय कळवावं ते तिला सुचेना. भिंतीच जास्त आहेत, असं कसं लिहिणार?

मग एके दुपारी गुरू म्हणाला, "उद्या सकाळी यंदाची शेवटची घंटा ओतायची. जो ओततो, त्याची ती घंटा. तू ओततेस?"

याचसाठी ती आली होती. तीन समुद्र, दोन हिवाळे, एक भाऊ. आणि तोंडातून काय निघालं असेल? "छे, मला कुठलं जमायला. इतर आहेत की."

गुरूने मान हलवली. सगुणाने भट्टीकडे पाहिलं. भट्टी कडेने पुसट होऊ लागली होती, दहिवर पडलेल्या काचेसारखी. आणि मग तिला उलगडलं. दार गवंड्याने बुजवलं नव्हतं. या देशात 'नको' म्हटलं की ते खरंच नको ठरतं, आणि नाकारणाऱ्याला दिसेनासं होतं. दार तिनेच बुजवलं होतं. बाकही तिनेच. आणि उद्या उजाडेपर्यंत भट्टीही जाणार होती.

ती धावत घरी आली. भिंतीसमोर उभी राहिली. पलीकडे चमचा भांड्याला लागत होता, एकच चमचा. नाकारलेलं परत कसं मिळवायचं? कुणी पुन्हा विचारणार नव्हतं. म्हणजे आपणच मागायचं. मागणं. मुलांनो, तिच्या घरात हा शब्द चोरी या शब्दाच्या शेजारी ठेवलेला होता. पहिल्यांदा तोंड उघडलं, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला, तो तिलाच ऐकू गेला. तिसऱ्यांदा तिने भिंतीवर थाप मारली.

"इल्केबाई, मला भूक लागली आहे. सार मिळेल?"

भिंतीला फट पडली, फटीची चौकट झाली, चौकटीत म्हातारी उभी होती.

"मिळेल," ती म्हणाली. "मग त्या दिवशी नको का म्हणालीस?"

"तुम्ही पुन्हा विचाराल असं वाटलं."

"तू नको म्हणालीस. पुन्हा विचारलं असतं, तर तुला खोटं ठरवल्यासारखं झालं असतं."

"आमच्याकडे पुन्हा विचारलं नाही, तर पहिल्यांदाही मनापासून विचारलं नव्हतं, असं समजतात."

म्हातारीने विचार केला. "मग तुमच्याकडे माणसं जेवतात कधी?"

"तिसऱ्यांदा विचारल्यावर."

"सार गार होत असेल."

"होतं," सगुणा म्हणाली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली.

जेवताना म्हातारी म्हणाली, "तू नको म्हणालीस, त्या दिवसापासून मलाही तुझं दार दिसेना. फक्त टण् टण् ऐकू यायचं. मी ते ऐकत बसायची. कोण वाजवतंय, ते विचारायला भिंतीत जागाच नव्हती."

सगुणाने वाटी पुढे केली. "आणखी द्या."

मग तशीच ती कारखान्यात परतली. भट्टीचा आता नुसता धूर दिसत होता. "गुरुजी, घंटा मला ओतायची आहे. मला येते."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारलं," गुरू म्हणाला. भट्टी धगधगून पुढे आली, बाक आला, बाकावरची ती मुलगी आली, आणि न बोलता सरकली. सगुणा बसली.

सकाळी मूस तापली, धातू वितळला. गुरूने वाकून पाहिलं. "ओंजळभर तांबं कमी पडतंय. आहे तुझ्याकडे?"

होतं. तेवढंच होतं. इथे कुणी दोनदा विचारत नाही, हे तिला आता ठाऊक होतं. "आहे," ती म्हणाली, आणि तांब्या मुशीत सोडला. तो बुडताना एकदाच वाजला. मग तिने घंटा ओतली.

घंटा घेऊन ती घरी आली. आई रडली, बाप घंटेभोवती फिरत राहिला. त्याने टिचकी मारली आणि कान लावला. "हा तर माझा तांब्या," तो म्हणाला. शेजारची काकू लाडू घेऊन आली. "घे गं." सगुणाने लगेच घेतला. काकू आईकडे बघून म्हणाली, "परदेशात हावरी झाली हो पोरगी." सगळे हसले. सगुणाही हसली, पण लाडू खाताना तिला ते उंच घर आठवलं, आणि म्हातारीचा एकटा चमचा.

घंटा मधल्या खडकावर टांगली. राजाने विचारलं, "टोल किती द्यायचे? त्यांच्याकडे किती देतात?"

"त्यांच्याकडे एक," सगुणा म्हणाली. "आपल्याकडे तीन द्या. एकदा सांगून आपली माणसं ऐकत नाहीत."

त्यानंतर त्या खाडीत एकही होडी फुटली नाही. होडीवाले पहिल्या टोलाला थांबायचे, दुसऱ्याला कान द्यायचे, तिसऱ्याला वळायचे. दर हिवाळ्यात सगुणा म्हातारीला पत्र धाडायची, आणि म्हातारी एका ओळीत उत्तर द्यायची. अशी ती माणसं आपापल्या काठावर सुखात राहिली.

आता डोळे मिटा. आणखी एक पांघरूण हवं? नको?

हवं का?

बरं, तिसऱ्यांदा विचारते. हं. वाटलंच मला. घ्या, आणि झोपा.